एमआरआय प्रतिमेचा उठाव : पॉलिमरची किमया आणि मर्यादा

तपासणीच्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘एमआरआय विथ कॉन्ट्रास्ट’ असे शब्द लिहिलेले असतात. तपासणीपूर्वी रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण पाहून घ्यावे, अशी सूचनाही अनेक ठिकाणी दिली जाते. तपासणी मेंदूची असताना मूत्रपिंडाची विचारपूस कशासाठी, असा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शिरेतून टोचल्या जाणाऱ्या काही मिलिलिटर द्रवात दडलेले आहे. हा द्रव अधिक प्रभावी आणि त्याच वेळी अधिक निर्धोक कसा करावा, या प्रश्नाने रसायनशास्त्रज्ञांना गेली चार दशके गुंतवून ठेवले आहे. या शोधात पॉलिमरचे, म्हणजेच असंख्य लहान घटक साखळीसारखे जोडून तयार होणाऱ्या महारेणूंचे, स्थान मोठे आहे.

पाण्याची साक्ष

मानवी शरीराच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग पाण्याचा असतो. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजेच प्रोटॉन, एखाद्या अतिसूक्ष्म चुंबकाप्रमाणे वागते. रुग्णालयातील सर्वसाधारण एमआरआय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्ला इतके, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असते. एवढ्या प्रबळ क्षेत्रातही सर्व प्रोटॉन एका दिशेला वळत नाहीत. क्षेत्राच्या दिशेने असलेले आणि विरुद्ध दिशेने असलेले प्रोटॉन एकमेकांचा प्रभाव जवळजवळ पुसून टाकतात आणि दहा लाखांमागे सुमारे पाच प्रोटॉनांचे आधिक्य उरते. प्रतिमा घडते ती या मूठभर आधिक्यातून. शरीरातील पाण्याचे रेणू अगणित असल्यामुळेच इतका क्षीण संकेत टिपता येतो.

यंत्र सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख आवर्तनांची रेडिओलहर सोडते, तेव्हा हे प्रोटॉन आपल्या स्थितीवरून ढळतात. लहर थांबली की ते पूर्वस्थितीला येऊ लागतात. या परतीच्या प्रवासाला ‘शिथिलन’ असे म्हणतात. मूळ दिशेला परत येण्यास लागणारा काळ ‘टी-१’ या नावाने, तर प्रोटॉनांमधील परस्पर ताल बिघडण्यास लागणारा काळ ‘टी-२’ या नावाने ओळखला जातो. चरबी, स्नायू, मेंदूतील द्रव या प्रत्येक ठिकाणी हे काळ निराळे असतात आणि त्या फरकातूनच प्रतिमेत काळ्या-पांढऱ्या छटा उमटतात.

या तत्त्वाचा पाया फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये घातला. अर्बुदातील पाण्याचे शिथिलन निरोगी ऊतींहून मंद असते, असे रेमंड डमाडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या ऊतींवरील प्रयोगांतून दाखवले. १९७३ मध्ये पॉल लाउटरबर यांनी या संकेतांपासून प्रतिमा रचण्याची रीत मांडली, तर पीटर मॅन्सफिल्ड यांनी तिला वेग आणि गणिती बैठक दिली. लाउटरबर व मॅन्सफिल्ड यांना २००३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रदान करण्यात आले. पॉलिमरच्या कथेत लाउटरबर यांचे नाव पुन्हा एकदा येणार आहे.

गॅडोलिनियम : गुण आणि धोका

नैसर्गिक छटांमधील फरक नेहमीच पुरेसा असतो असे नाही. लहानशी गाठ, मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या आवरणाला पडलेले सूक्ष्म छिद्र किंवा शस्त्रक्रियेनंतर उरलेला रोगट अंश आसपासच्या ऊतींत मिसळून जाऊ शकतो. अशा वेळी प्रतिमेला उठाव देणाऱ्या द्रव्याची, म्हणजेच कॉन्ट्रास्टची, मदत घ्यावी लागते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे द्रव्य शाईसारखे स्वतः दिसत नाही. ते आपल्या सान्निध्यात येणाऱ्या पाण्याचे शिथिलन वेगवान करते आणि त्यामुळे त्या जागेचे पाणी प्रतिमेत उजळून निघते.

या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा धातू म्हणजे गॅडोलिनियम. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ योहान गॅडोलिन यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव मिळाले. त्याच्या आयनामध्ये सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनपेक्षा शेकडो पटींनी प्रबळ असल्यामुळे हा आयन शेजारच्या पाण्यावर मोठा प्रभाव पाडतो. परंतु मोकळा गॅडोलिनियम विषारी आहे. त्याचा आकार कॅल्शियमच्या आयनाच्या जवळपास असल्यामुळे तो शरीरातील कॅल्शियमच्या कार्यात अडथळा आणतो. म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत जखडून मगच शरीरात सोडतात. या पकडीला ‘कीलेट’ म्हणतात. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे.

गॅडोलिनियमभोवती नऊ बंध सामावण्याची जागा असते. कीलेट त्यांपैकी आठ जागा व्यापते आणि नववी पाण्याच्या रेणूसाठी मोकळी राहते. ‘डीटीपीए’ या सरळ साखळीच्या कीलेटमध्ये बांधलेले पहिले द्रव्य १९८८ मध्ये ‘मॅग्नेव्हिस्ट’ या नावाने वापरात आले. त्यापाठोपाठ ‘डोटा’ या वलयाकार कीलेटवर आधारलेले द्रव्यही आले. वलयाच्या पिंजऱ्यातून धातू निसटणे फारच अवघड असते, ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

या द्रव्यांची नेहमीची मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅमला ०.१ मिलिमोल इतकी आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला म्हणजे सुमारे १२ मिलिलिटर द्रव द्यावा लागतो आणि त्यातून जवळपास एक ग्रॅम गॅडोलिनियम शरीरात जाते. औषध म्हणून ही मात्रा लहान नव्हे. ती इतकी मोठी का, याचे कारण लहान कीलेटच्या कार्यक्षमतेत आहे आणि पॉलिमरच्या संशोधनाचा उगमही तेथेच आहे.

बँकेच्या खिडकीचे उदाहरण

गॅडोलिनियमचा एक आयन किती पाण्याचे शिथिलन घडवून आणतो, यावर त्या द्रव्याची ‘शिथिलनक्षमता’ ठरते. ती समजून घेण्यास बँकेतील खिडकीचे उदाहरण उपयोगी पडेल. गॅडोलिनियमची मोकळी जागा ही खिडकी आणि पाण्याचे रेणू हे ग्राहक, अशी कल्पना करावी. खिडकीवरून किती ग्राहकांचे काम होईल, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट खिडक्यांची संख्या. बहुतेक द्रव्यांत ती एकच असते. दोन खिडक्या उघडल्या तर काम दुप्पट होऊ शकते, मात्र त्यासाठी कीलेटची एक पकड सोडावी लागते आणि बंधाची मजबुती धोक्यात येऊ शकते.

दुसरी गोष्ट ग्राहक खिडकीशी किती वेळ थांबतो ही. तो फार वेळ रेंगाळला तर रांग तुंबते आणि फार लवकर निघाला तर त्याचे काम अर्धवट राहते. मॅग्नेव्हिस्टमधील पाण्याचा रेणू साधारण तापमानाला सुमारे तीनशे नॅनोसेकंद जागा अडवून बसतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आपल्याला हा काळ नगण्य वाटेल, पण आदर्श काळ याच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खिडकी स्थिर हवी. लहान कीलेट द्रवात इतक्या वेगाने गरगरत असते की त्याच्या गिरकीचा काळ नॅनोसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. प्रोटॉनची स्वतःची लय याहून पुष्कळ संथ आहे. दोन्ही लयी जुळत नाहीत, तोवर धातूचे चुंबकत्व पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. गिरकी काही नॅनोसेकंदांपर्यंत मंदावली तर त्याच एका आयनाकडून अनेक पट काम होऊ शकते. गिरकी मंदावण्याचा सरळ उपाय म्हणजे लहान कीलेट एखाद्या अवजड रेणूला बांधणे. पॉलिमर हा तो अवजड रेणू होय.

साखळीपासून वृक्षापर्यंत

संशोधकांनी आरंभी पॉलिलायसिन, डेक्स्ट्रान यांसारख्या सरळ साखळ्यांवर गॅडोलिनियमची कीलेटे बसवून पाहिली. शिथिलनक्षमता वाढली, पण अपेक्षेइतकी नाही. साखळी जड असली तरी ती दोरीसारखी लवचिक असते. दोरी जागची हलत नसली तरी तिला लटकवलेली घुंगरे आपापल्या जागी हलतच राहतात, तसा हा प्रकार होता. अवजडपणाला ताठरपणाची जोड हवी, हा धडा त्यातून मिळाला. कीलेट आणि पॉलिमर यांना जोडणारा दुवा आखूड व ताठ ठेवणे, हा तेव्हापासून या रचनेचा एक नियमच झाला.

पुढचा टप्पा गाठून दिला तो ‘डेंड्रिमर’ या वृक्षाकार पॉलिमरने. डोनाल्ड टोमालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या कुळातील प्रसिद्ध रेणू तयार केले. एका लहान केंद्रापासून फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीला पुन्हा दोन फांद्या फुटतात आणि हा क्रम पिढ्यानपिढ्या चालतो. बँकेच्या ग्राहकांना चक्रवाढीचे गणित परिचित आहे. येथे तर प्रत्येक पिढीला मुद्दल दुप्पट होते. अमोनियाच्या केंद्रापासून आरंभ केला तर तीन टोके मिळतात, पुढे सहा, बारा, चोवीस असे करत सहाव्या पिढीला १९२ टोके होतात. रेणूचा व्यास मात्र प्रत्येक पिढीला सुमारे एक नॅनोमीटरनेच वाढतो. त्यामुळे टोकांची दाटी होऊन रेणू गोलाकार व बऱ्यापैकी ताठ बनतो. शिवाय सगळे रेणू जवळपास एकाच मापाचे निघतात. औषधनिर्मितीत या एकसारखेपणाला फार किंमत आहे.

अशा डेंड्रिमरच्या टोकांवर गॅडोलिनियमची कीलेटे बसवण्याचे काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या संशोधकांत टोमालियांसमवेत लाउटरबरही होते. सहाव्या पिढीच्या रेणूत प्रत्येक आयनाची शिथिलनक्षमता लहान कीलेटच्या सुमारे सहा पट आढळली. एका रेणूवर दीडशेहून अधिक आयन बसलेले असल्यामुळे संपूर्ण रेणूचा प्रभाव तर सुमारे हजार पटींच्या घरात गेला.

मोठ्या रेणूचा आणखी एक लाभ आहे. लहान कीलेट रक्तात शिरताच काही मिनिटांत केशवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपते, त्यामुळे रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्यास वेळ अपुरा पडतो. महारेणू रक्तातच टिकून राहतो. अर्बुदातील नव्या रक्तवाहिन्या मात्र घाईने उभारलेल्या व गळक्या असतात. तेथे असे मोठे रेणू झिरपून साचू शकतात, असे जपानमधील यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले. हा परिणाम प्राण्यांमध्ये ठळक दिसतो, माणसांत तो अर्बुदागणिक बदलतो, हेही नंतरच्या अनुभवाने स्पष्ट झाले आहे.

मोठेपणाचे मोल

इथवरचा प्रवास यशाचा वाटावा असा आहे. तरीही गॅडोलिनियमयुक्त डेंड्रिमर आज रुग्णालयात नित्य वापरात नाहीत. याचे कारण मूत्रपिंडाच्या चाळणीत आहे. सुमारे सहा नॅनोमीटरहून मोठा कण या चाळणीतून सहज जात नाही. लहान कीलेट सुमारे दीड तासात निम्मे बाहेर पडते, मात्र मोठा रेणू यकृत व इतर अवयवांत दिवसेंदिवस रेंगाळतो. तो जितका रेंगाळेल तितकी कीलेटची पकड सुटून धातू मोकळा होण्याची शक्यता वाढते. ज्या गुणामुळे प्रतिमा उजळते, तोच गुण शरीराला जड जातो. या संशोधनातील खरा पेच हाच आहे.

हा पेच केवळ कागदावरचा नाही, हे २००६ साली जगाला कळले. मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा व सांधे कठीण होत जाण्याचा एक विकार १९९७ पासून दिसू लागला होता आणि २००० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. पुढे ‘नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस’ या नावाने तो ओळखला गेला. काही रुग्णांना त्याने चाकाच्या खुर्चीवर खिळवले, तर काहींचा बळी घेतला. त्याचा संबंध गॅडोलिनियमच्या द्रव्यांशी असल्याचे ऑस्ट्रियातील डॉक्टर थॉमस ग्रोबनर यांनी २००६ मध्ये निदर्शनास आणले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये या द्रव्यांवर कडक इशारा छापणे बंधनकारक केले. दोषी ठरली ती मुख्यतः सरळ साखळीची, ढिल्या पकडीची द्रव्ये, आणि तीही दुर्बल मूत्रपिंडांमुळे शरीरात फार काळ अडकलेली. तपासणीपूर्वी क्रिएटिनिन विचारले जाते ते या कारणाने.

२०१४ मध्ये जपानमधील तोमोनोरी कांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले. वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील काही भाग कॉन्ट्रास्टशिवाय घेतलेल्या प्रतिमेतही उजळ दिसत होते. तेथे गॅडोलिनियमचा अंश साठल्याचे पुढे सिद्ध झाले. निरोगी मूत्रपिंडाच्या व्यक्तींना त्यामुळे निश्चित अपाय होतो, असे मात्र दिसून आलेले नाही. तथापि सावधगिरी म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये सरळ साखळीच्या अनेक द्रव्यांचा शिरेतून होणारा वापर थांबवला आणि वलयाकार द्रव्यांना प्राधान्य दिले.

पेचातून काढलेल्या वाटा

मोठा रेणू हवा, पण तो कायमचा मोठा राहता कामा नये, हे सूत्र धरून काही संशोधक पुढे गेले. अमेरिकेतील झेंग-रोंग लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंधकाच्या दोन अणूंमधील बंधांनी जोडलेल्या साखळ्या तयार केल्या. अशाच बंधांमुळे आपल्या केसांतील प्रथिनांना बळकटी लाभते. शरीरातील गंधकयुक्त रेणू हे बंध हळूहळू तोडतात. त्यामुळे प्रतिमा घेईपर्यंत साखळी अखंड राहते आणि नंतर तिचे तुकडे होऊन ते मूत्रावाटे निघून जातात. प्राण्यांवरील प्रयोगांत ही कल्पना सफल झाली.

दुसरी वाट उसनवारीची. पॉलिमर बाहेरून देण्याऐवजी रक्तात आधीच असलेला अल्ब्युमिन हा महारेणूच का वापरू नये? ‘गॅडोफोसव्हेसेट’ नावाचे लहान द्रव्य रक्तात गेल्यावर अल्ब्युमिनला सैलपणे चिकटते, त्यामुळे त्याची गिरकी मंदावते, आणि सुटल्यावर मूत्रपिंडातून बाहेर पडते. रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी त्याला युरोपात २००५ मध्ये व अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली होती. पुढे त्याचे उत्पादन थांबले. शास्त्रीय यश आणि बाजारातील यश यांची वाट नेहमी एकच असते असे नाही, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

तिसरी वाट खिडक्या वाढवण्याची. ‘गॅडोपिक्लेनॉल’ या वलयाकार द्रव्यात पाण्यासाठी दोन जागा आहेत आणि तरीही धातूची पकड भक्कम आहे. २०२२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्याची मात्रा नेहमीच्या निम्मी, म्हणजे प्रतिकिलो ०.०५ मिलिमोल, ठरवण्यात आली. हा रेणू पॉलिमर नाही, पण पॉलिमरच्या अभ्यासातून स्पष्ट झालेली सूत्रेच त्यामागे आहेत. आज रुग्णालयांत तीन टेस्लाची यंत्रेही रुळली आहेत आणि तेथे अतिमंद गिरकीचा लाभ घटतो. त्यामुळे मध्यम आकाराच्या, नेमक्या मापाच्या रेणूंचे महत्त्व वाढले आहे.

चौथी वाट धातूच बदलण्याची. डेक्स्ट्रान या शर्करेच्या पॉलिमरचे आवरण दिलेले लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण १९९० च्या दशकात यकृताच्या तपासणीसाठी वापरात आले होते. त्यांनी निरोगी यकृत काळवंडते आणि गाठ उठून दिसते. ही द्रव्ये पुढे बाजारातून गेली. परंतु शर्करेच्याच आवरणाचे ‘फेरुमॉक्सिटॉल’ हे रक्तक्षयावरील औषध मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णांसाठी काही देशांत कॉन्ट्रास्ट म्हणूनही वापरले जाते. या औषधाची तीव्र प्रतिक्रिया क्वचित उद्भवू शकते, म्हणून ते देताना दक्षता घ्यावी लागते.

पाचव्या वाटेवर धातूलाच रजा दिलेली आहे. नायट्रॉक्साइड या सेंद्रिय गटात एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असतो. एकट्याचा प्रभाव अल्प आणि शरीरातील क जीवनसत्त्व त्याला झटपट निष्प्रभ करते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जेरेमाया जॉन्सन यांच्या गटाने २०१७ मध्ये असे असंख्य गट ताऱ्याच्या आकाराच्या पॉलिमरच्या गाभ्याजवळ दडवले. बाहेरील पॉलिमरने ढालीचे काम केले आणि उंदरांमधील अर्बुदांची प्रतिमा धातूविना मिळू शकली. माणसांपर्यंतचा पल्ला अजून लांब आहे.

हिशेब उजेडाचा आणि जोखमीचा

या संशोधनाचा संबंध रुग्णापलीकडेही पोहोचतो. शरीरातून बाहेर पडलेले गॅडोलिनियम सांडपाण्यातून नद्यांत जाते, असे जर्मनीतील नद्यांच्या पाण्यावरून १९९६ मध्येच दिसून आले होते. कमी मात्रेत अधिक स्पष्ट प्रतिमा मिळाली, तर रुग्ण, रुग्णालय आणि नदी या तिघांचाही भार हलका होईल.

रुग्णांनी मात्र वरील इतिहासाने भयभीत होण्याचे कारण नाही. कोट्यवधी तपासण्यांत या द्रव्यांनी वेळीच निदान घडवून आणले आहे. भक्कम पकडीच्या वलयाकार द्रव्यांचा वापर आणि पूर्वतपासणी यांमुळे त्वचेचा तो गंभीर विकार आज अत्यंत दुर्मीळ झाला आहे. मूत्रपिंडाचा आजार, गर्भावस्था, यापूर्वी कॉन्ट्रास्टमुळे आलेली प्रतिक्रिया आणि आधी झालेल्या कॉन्ट्रास्ट तपासण्या यांची माहिती तपासणीपूर्वी डॉक्टरांना अवश्य द्यावी. या वेळी कोणते द्रव्य देणार, हेही विचारून टिपून ठेवावे. शंका असल्यास कॉन्ट्रास्टची खरोखर गरज आहे काय, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. मात्र डॉक्टरांनी आवश्यक ठरवलेले कॉन्ट्रास्ट केवळ भीतीपोटी नाकारण्यात रोगाचे निदान हुकण्याचा धोका असतो.

पॉलिमरच्या आधारे कॉन्ट्रास्ट घडवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला एकाच रेणूकडून दोन परस्परविरोधी गोष्टी मागाव्या लागतात : प्रतिमा घेईपर्यंत त्याने स्थिर राहावे आणि काम होताच मागे काही न ठेवता निघून जावे. असा सर्वगुणसंपन्न रेणू अद्याप रुग्णालयात पोहोचलेला नाही. तो पोहोचेल तेव्हा आज मूत्रपिंड दुर्बल असल्यामुळे ज्यांच्या चिठ्ठीवर ‘विथ कॉन्ट्रास्ट’ हे शब्द लिहिताना डॉक्टरांचा हात थबकतो, त्या रुग्णांना त्याचा पहिला लाभ होईल.